'डॉक्टर फॉस्टस'मधले विनोदी प्रवेश खरंच पिटातल्या लोकांसाठी होते का?

वैनगंगाकाठची :

नमस्कार मंडळी. मी बाहेरून एमए इंग्रजी करतेय, पहिलं वर्ष. तास नसतातच, झेरॉक्सच्या दुकानात नोट्स मिळतात त्यावर अभ्यास. राणी पहिल्या एलिझाबेथच्या काळातल्या नाटकाच्या पेपरात मार्लोचं 'डॉक्टर फॉस्टस' आहे : चोवीस वर्षांच्या जादूच्या ताकदीसाठी सैतानाला आत्मा विकणाऱ्या पंडिताची गोष्ट. तीन वेगवेगळ्या नोट्समध्ये एक वाक्य मला जसंच्या तसं सापडलं : रंगमंचासमोर, पिटात उभे राहणारे 'ग्राउंडलिंग्ज' अशिक्षित असत, गंभीर भाग त्यांच्या डोक्यावरून जाई, म्हणून नाटककाराला मध्ये मध्ये पाणचट विनोद घालावे लागत.

हे मला पटत नाही. पण का पटत नाही ते मांडताही येत नाही.

झालं असं की परवा रात्री मी मोठ्याने वाचत बसले होते आणि अर्थ लावत होते. धाकटा भाऊ जेवत होता. त्यानं दहावीनंतर शाळा सोडली, आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. फॉस्टसचा नोकर वॅग्नर एका फाटक्या, भुकेल्या विदूषकाबद्दल म्हणतो की हा इतका उपाशी आहे की मेंढीच्या खांद्याच्या मटणासाठी सैतानाला आत्मा देऊन टाकील, मग ते मटण कच्चं का असेना. त्यावर विदूषक म्हणतो, कच्चं कशाला? एवढी मोठी किंमत मोजायची तर नीट भाजलेलं पाहिजे, आणि सोबत चांगला रस्सा पाहिजे. भावाला ठसका लागला. मग म्हणाला, "हा तुझ्या डॉक्टरपेक्षा हुशार आहे. डॉक्टरनं माल तपासला का?"

मी गप्प बसले. हा तर सगळ्या नाटकाबद्दलचा प्रश्न आहे, आणि तो 'पाणचट' प्रवेशातून निघाला!

तर विचारायचं हे की ते उभे राहणारे लोक नक्की कोण होते? आणि ते इतके अडाणी असतील तर त्याच नाटकात लॅटिन ओळी कशा? शिवाय कवितेच्या पेपरच्या नोट्स सांगतात की कविता दरबारासाठी आणि नाटक गर्दीसाठी. असे दोन कप्पे होते का खरंच? प्रश्न १६ मार्कांचा आहे, पण मला मार्कांपलीकडचंही सांगा.


नेटसेट_तयारी :

ताई, एवढं डोकं लावू नका. सुरुवातीला 'कॉमिक रिलीफ'ची (गंभीर नाटकात विसाव्यासाठी घातलेल्या विनोदाची) व्याख्या, मग 'हॅम्लेट'मधले थडगं खणणारे आणि 'मॅकबेथ'मधला द्वारपाल अशी एलिझाबेथन उदाहरणं, शेवटी मार्लोच्या दमदार ओळींवर एक परिच्छेद. चार पानं होतात. ग्राउंडलिंग्जचं वाक्य टाकाच. पेपर तपासणारा तेच शोधत असतो.


विंगेतला_मास्तर :

ताई, आधी तुमच्या भावाला माझा रामराम सांगा. वर्गात जे उत्तर ऐकायला मी तीस वर्षं कान लावून बसलो, ते त्यानं ताटावर बसून दिलं.

माझ्याबद्दल थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच येतं. मी ब्रह्मपुरीकडचा. कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. त्यातली वीसेक वर्षं दिवाळी ते होळी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांत प्रॉम्प्टिंग केलं. दिवसा फळ्यावर शेक्सपिअर, रात्री विंगेत टॉर्च. प्रॉम्प्टरला प्रेक्षक दिसत नाही, ऐकू येतो. खोकला किती वाढला, पोरं कुठे रडायला लागली, शेंगांची टरफलं फोडण्याचा आवाज कोणत्या वाक्याला थांबला, हे मला नटांच्या आधी कळायचं.

एका गावी आमचं आईवरचं रडवं नाटक होतं. त्यात गड्याचं काम करणारा विनोदी नट त्या रात्री तापानं फणफणला. त्याचे तीन प्रवेश आम्ही गाळले. वाटलं, बरंच झालं, नाटक आटोपशीर होईल. दोन अंक लोक शांत होते. तिसऱ्या अंकात आई मरते, तिथे नटीच्या हातून पदर सुटून दिव्यावर पडता पडता राहिला, आणि अख्खा मंडप हसला. असा हसला की मेलेली आई उठून बसायची बाकी राहिली. दुसऱ्या दिवशी गावचा एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, तुमी हासाचं काहीच नाई ठेवलं. मंग आमी जागा पायली." हजार माणसं एकत्र बसली की हसू पिकतंच. नाटककारानं त्याला जागा करून दिली नाही तर ते नको तिथे सांडतं.

पण नुसती हसण्याची सोय एवढंच 'फॉस्टस'मध्ये नाही. त्याकडे येतो. आधी ती माणसं.

१५९९ साली थॉमस प्लॅटर नावाचा बाझलचा तरुण लंडनला आला होता. त्यानं नाटकघराचा हिशोब लिहून ठेवलाय : खाली उभं राहायला एक पेनी, बसायचं तर दुसऱ्या दारात आणखी एक पेनी, आणि उशीवर बसून चारचौघांत मिरवायचं तर तिसऱ्या दारात तिसरी पेनी. मध्येच खाणंपिणं घेऊन विकणारे फिरत असत. नाटक दुपारी दोनच्या सुमारास सुरू होई, उघड्यावर, सूर्यप्रकाशात. कसबी कारागिराला दिवसाला बारा पेनीच्या आसपास मिळत. म्हणजे पटांगणातली जागा त्याच्या एका दिवसाच्या कमाईचा बारावा हिस्सा. आजच्या गवंड्याच्या मजुरीवर हिशोब करून बघा, मल्टिप्लेक्सपेक्षा किती स्वस्त पडतं ते कळेल. त्या पटांगणात शिकाऊ कारागीर होते, खलाशी होते, बाजारहाट करून आलेल्या बायका होत्या, आणि पैसे वाचवणारे वकिलीचे विद्यार्थीही असणार. विद्यार्थी आणि स्वस्त तिकीट ही जोडी काही आपल्याकडेच नाही.

आता गंमत पाहा. आमच्या मंडपात देणगीदार पुढच्या खुर्च्यांवर आणि गरीब मागे. लंडनमध्ये उलट. एक पेनीवाला रंगमंचाला खेटून उभा, तीन पेनीवाला लांब गॅलरीत. नट ओठातल्या ओठात बोलला तरी तो पहिल्यांदा गरिबाला ऐकू येणार. आणि दिवसाचा उजेड असल्यामुळे नटाला त्याचा चेहरा दिसणार. स्वगत म्हणजे 'स्वतःशी बोलणं' असं आपण शिकवतो. तीन हातांवर शे-दोनशे चेहरे तुमच्याकडे टक लावून बघत असताना कोण कशाला स्वतःशी बोलेल?

'ग्राउंडलिंग' हा शब्द मुळात पाण्याच्या तळाशी राहणाऱ्या एका छोट्या माशाचा. तोंड वर करून, आ वासून बघणारा मासा. प्रेक्षकांना तो शब्द पहिल्यांदा लावला 'हॅम्लेट'नं. राजपुत्र नटांना बजावतो की उगाच आरडाओरड करून या ग्राउंडलिंग्जचे कान फाडू नका, त्यांना मूकनाट्य आणि गोंगाट यापलीकडे काही कळत नाही. सगळ्या नोट्स इथूनच निघाल्यात. पण ते वाक्य म्हणत कोण होतं? शेक्सपिअरच्या कंपनीचा मुख्य नट रिचर्ड बर्बेज, ग्लोब नाटकघराच्या रंगमंचावर उभा राहून, पायाशी उभ्या असलेल्या त्याच ग्राउंडलिंग्जच्या तोंडावर! तो टोमणा त्यांच्याच पैशानं, त्यांच्याचसाठी होता. आमचा सोंगाड्या पुढच्या रांगेतल्या पाटलाची टोपी उडवतो तेव्हा पाटील उठून जातो का? उलट दुसऱ्या दिवशी चावडीवर तोच सांगत सुटतो.

आणि ही नाटकं लिहिणारे तरी कोण? मार्लो कँटरबरीच्या चांभाराचा मुलगा. शेक्सपिअरचा बाप हातमोजे शिवणारा. किड लेखनिकाचा पोरगा. बेन जॉन्सनचा सावत्र बाप विटांचं बांधकाम करायचा. ज्या गल्लीतून हे आले, त्याच गल्लीतली पोरं खाली उभी होती. फरक एवढाच की मार्लोला शिष्यवृत्ती मिळून तो केंब्रिजला गेला आणि त्याचा शेजारी धंद्याला लागला. पण धंद्याला लागलेल्यानंही चार वर्षं मास्तरच्या छड्या खात लॅटिन घोकलेलं असायचं, असे त्या गर्दीत कमी नव्हते.

'फॉस्टस' व्हायचं टेम्सच्या दक्षिण काठावरच्या रोझ नाटकघरात. मालक फिलिप हेन्स्लो, प्रमुख नट एडवर्ड अ‍ॅलिन. हेन्स्लो चोपडी ठेवायचा, आपल्याकडचे सावकार ठेवतात तशी. ती चोपडी आज आहे. तीत ३० सप्टेंबर १५९४ ला 'फॉस्टस'च्या नावापुढे तीन पौंड बारा शिलिंग जमा लिहिलेत. १५९८ च्या सामानाच्या यादीत नरकाचा जबडा आहे, 'फॉस्टसमधला ड्रॅगन' आहे, आणि माझी सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे अदृश्य होण्याचा झगा.

झगा! विचार करा. नट तो झगा चढवून येतो. तीन हातांवरून तो सगळ्यांना लख्ख दिसतोय, वर सूर्य आहे. आणि सगळे मिळून ठरवतात की हा दिसत नाही. फॉस्टस अदृश्य होऊन पोपच्या जेवणाच्या ताटातलं पळवतो तो प्रवेश अशा कराराशिवाय उभाच राहत नाही. असा करार पाळणाऱ्याला तुम्ही अडाणी म्हणणार?

आता घोडेवाला. फॉस्टस त्याला चाळीस डॉलरला (तेव्हाची चांदीची जर्मन नाणी) घोडा विकतो आणि बजावतो, कुठेही ने, पण पाण्यात नेऊ नकोस. घोडेवाल्याच्या मनात येतं, यात काहीतरी खास गुण असणार, म्हणून हा आपल्याला सांगत नाही. तो मुद्दाम घोडा तळ्यात घालतो. मध्यावर गेल्यावर घोडा गायब आणि हा गवताच्या पेंढीवर बसलेला, बुडता बुडता वाचलेला. सगळे हसतात. पण जे माहीत करून घ्यायला मनाई, तिथेच हात घालायचा आणि हातात गवत उरायचं, ही गोष्ट कुणाची आहे? विटेनबर्गच्या डॉक्टरांचीच ना? मार्लोनं तीच दोनदा सांगितली. एकदा धर्मशास्त्राच्या भाषेत, एकदा घोडेबाजाराच्या.

शिवाय मधले प्रवेश पोकळ वाटतात, तर वाटू देत. आत्मा विकताना याला सगळ्या जगावर राज्य करायचं होतं. प्रत्यक्षात चोवीस वर्षांत केलं काय? पोपच्या कानाखाली वाजवली, गरोदर सरदारणीला जानेवारीत द्राक्षं आणून दिली, घोडेवाल्याला गंडवलं. बायको मागितली तर ती मिळाली नाहीच, समोर उभी राहिली बाईच्या वेशातली भुताटकी. हा सौदा किती फसवा होता हे भाषणातून सांगता येत नाही. ते तुम्हाला कंटाळा येईपर्यंत आणि हसू येईपर्यंत बघावं लागतं. मग शेवटी घड्याळात अकराचे ठोके पडतात आणि एक तास उरतो.

त्या तासात ती लॅटिन ओळ येते : रात्रीच्या घोड्यांनो, हळू, हळू धावा. ती ओव्हिड या रोमन कवीची आहे. ओव्हिडकडे ती प्रियकर म्हणतो, कारण प्रेयसी कुशीत आहे आणि त्याला उजाडायला नकोय. मार्लोनं ओव्हिडची ती सगळी प्रेमकाव्यं स्वतः इंग्रजीत आणली होती (१५९९ मध्ये बिशपांच्या हुकमानं ती जाळण्यात आली, तो भाग वेगळा). तीच ओळ आता नरकाच्या दारात उभा असलेला माणूस म्हणतो. ज्यानं छड्या खाऊन ओव्हिड पाठ केलाय त्याच्या अंगावर काटा येणार. ज्याला लॅटिन येत नाही त्याच्यासाठी पुढच्याच ओळीत साध्या इंग्रजीत आहे : तारे चालतच आहेत, काळ पळतोय, घड्याळाचा ठोका पडणार. कुणालाच बाहेर ठेवलेलं नाही. शिवाय 'घोडे' म्हटल्यावर मघाचा तो पाण्यात विरघळलेला घोडा आठवला तर आठवला. हे मात्र मी माझ्या पदरचं सांगतोय, पेपरात लिहू नका.

जाता जाता, आम्हा प्रॉम्प्टरांसाठीचा तपशील. तिथेही नटाला अख्खं नाटक मिळत नसे. फक्त आपली वाक्यं आणि आधीच्या माणसाचे शेवटचे चार शब्द. जुन्या मराठी कंपन्यांत ज्याला 'नक्कल' म्हणत, तेच. रॉबर्ट ग्रीनच्या एका नाटकातली अ‍ॅलिनची नक्कल डलविच कॉलेजात जपून ठेवलेली आहे. रोज वेगळं नाटक, तालमी थोड्या. असा नट प्रेक्षकाला धरून राहिला नाही तर पाचव्या मिनिटाला बुडेल.


स्लॉची_सून :

मास्तर, माशाचं वाचून मी मोठ्याने हसले, कारण मी तो मासा झालेय. लंडनमध्ये आता नव्यानं बांधलेलं ग्लोब आहे, १९९७ पासून. तिथे मी पाच पौंडांचं उभं राहायचं तिकीट काढलं होतं, दहाएक वर्षं झाली. सासूबाई इकडे आल्या होत्या, त्यांना वर बाकावर बसवलं आणि मी खाली.

पटांगणात छत्री उघडू देत नाहीत, मागच्याला दिसत नाही म्हणून. अर्ध्या तासात पाऊस आला. मी रंगमंचाच्या कडेवर कोपर टेकवून उभी होते आणि मान सतत वर. एका नटानं स्वगतात प्रश्न विचारला, म्हणजे नाटकातच तो प्रश्न आहे, आणि माझ्या शेजारचा माणूस सरळ उत्तर देऊन मोकळा झाला. नटानं त्याच्याकडे बघून मान हलवली आणि पुढचं वाक्य म्हटलं. पुढचं वाक्य त्या उत्तराला चपखल बसलं! मला आधी वाटलं ठरवलेलं असेल. नव्हतं.

सासूबाई वरून उतरल्यावर म्हणाल्या, "छान होतं, पण लांब होतं." मी पायांनी मेले होते, पण मला ते लांब वाटलं नव्हतं.


जुनी_पानं :

मास्तरांचं लिखाण गोड आहे, पण ते पिटाला फार लाडावून ठेवतायत. दुसरी बाजूही येऊ द्या.

पहिलं म्हणजे, मार्लोला स्वतःला विदूषकांचा तिटकारा होता. त्याच्याच 'टॅम्बरलेन' या नाटकाच्या सुरुवातीलाच तो सांगतो की यमकं जुळवणाऱ्यांच्या उड्या आणि विदूषकी चाळे सोडून मी तुम्हाला युद्धाच्या तंबूत नेतोय. दुसरं, तेच नाटक १५९० मध्ये छापताना प्रकाशक रिचर्ड जोन्स वाचकांना लिहितो की रंगमंचावर काही पोरकट प्रकार होते आणि काही मूर्ख लोक ते आ वासून बघत, पण मी ते मुद्दाम गाळलेत. तिसरं, हेन्स्लोच्या ज्या चोपडीचं मास्तरांना एवढं कौतुक, तीतच १६०२ मध्ये विल्यम बर्ड आणि सॅम्युएल राउली या दोघांना 'फॉस्टस'मध्ये भर घालण्यासाठी चार पौंड दिल्याची नोंद आहे. मार्लो १५९३ मध्येच डेप्टफर्डला भोसकला गेला होता. १६०४ ची छापील प्रत आणि १६१६ ची प्रत शेजारी ठेवा, दुसरीत सहाशेहून अधिक ओळी जास्त आहेत, आणि त्यात बराचसा धांगडधिंगा आहे. म्हणजे गर्दीनं हे नाटक हळूहळू खाल्लं. नोट्समधलं वाक्य भाषेत ओबडधोबड असेल, पण अगदी खोटं नाही.

आणि दरबारी कवी सर फिलिप सिडनीसारखा रसिकही कुरकुरत होताच की हे लोक राजे आणि विदूषक एकत्र कोंबतात, अंत्ययात्रेत नाच घालतात.


विंगेतला_मास्तर :

जुनी_पानं, तुमचे पुरावे पक्के आहेत. लाड करतो हेही कबूल, त्याच गर्दीनं माझं घर चालवलं नसलं तरी माझ्या रात्री चालवल्यात.

पण साक्षीदार कोण आहेत तेही बघा. जोन्स पुस्तकं विकत होता, तीही 'सद्गृहस्थ वाचकां'ना. तुम्ही त्या आ वासणाऱ्यांतले नाही, असं गिऱ्हाइकाला सांगितल्याशिवाय पुस्तक खपतं का? सिडनीनं ते लिहिलं तेव्हा मार्लो-शेक्सपिअर रंगमंचावर आलेच नव्हते, आणि छापून आलं १५९५ मध्ये, तो जाऊन नऊ वर्षं झाल्यावर. शहराचे महापौर नाटकांच्या नावानं बोटं मोडत, कारण दुपारी दोनला शिकाऊ पोरं काम टाकून पळत. म्हणून तर नाटकघरं हद्दीबाहेर, शोरडिचला नाहीतर नदीपलीकडे. खाली उभा राहणारा स्वतः काही लिहून गेला नाही. त्याच्याबद्दल जे वाचतो ते त्याच्यावर वैतागलेल्यांनी लिहिलेलं.

चार पौंडांचं म्हणाल, तर पूर्ण नव्या नाटकाला हेन्स्लो साधारण सहा पौंड देई. आठ वर्षं चाललेल्या जुन्या नाटकाच्या डागडुजीला चार म्हणजे फार झाले. हेन्स्लो धर्मादाय करणारा नव्हता, लोक ते नाटक सोडत नव्हते. आणि भर कुठलीही असो, मटणाचा विदूषक आणि पाण्यात घोडा घालणारा घोडेवाला १६०४ च्या प्रतीतच आहेत. ते लिहिले मार्लोनं की त्याच्या जोडीदारानं यावर पंडितांची डोकी फुटू देत. ज्यानं लिहिले त्याला डॉक्टरची गोष्ट नीट कळली होती.

त्या गर्दीला गंभीर भाग कळत नव्हता असं म्हणणाऱ्याला मी आणखी एक गोष्ट सांगतो. 'फॉस्टस'च्या प्रयोगात एकदा रंगमंचावर एक सैतान जास्तीचा निघाला, खरा, आणि नट-प्रेक्षक दोघांचीही गाळण उडाली, अशी कहाणी पुढे कित्येक वर्षं फिरत होती. नाटकांचा कट्टर वैरी विल्यम प्रिन यानं १६३३ मध्ये ती छापली. झालं असेल-नसेल, सोडा. पण मघाशी त्याच सैतानांच्या माकडचाळ्यांना हसलेली माणसं मोजायला लागतात की आता किती आहेत, आपल्यातले किती आणि खऱ्या सैतानाचे किती. अशी कहाणी हसून विसरलेल्या नाटकाबद्दल जन्मत नाही.

ताईंचा कवितेचा प्रश्न राहिला. दोन कप्पे होते, पण मधली भिंत कुडाची होती. सिडनीची प्रेमाची सुनीतं (चौदा ओळींच्या कविता, सॉनेट) हस्तलिखितातून मित्रमंडळात फिरली आणि तो गेल्यावर १५९१ मध्ये, घरच्यांना न विचारता छापली गेली. मग सगळ्या लंडनला सुनीतांचा ताप चढला. १५९२ ते ९४ प्लेगमुळे नाटकघरं बहुतेक बंदच होती. तेव्हा शेक्सपिअरनं 'व्हीनस अँड अ‍ॅडोनिस' लिहून एकोणीस वर्षांच्या साउथॅम्प्टनच्या सरदाराला अर्पण केलं, म्हणजे तो तीन पेनीच्या उशीपेक्षाही वरच्या माणसाकडे गेला. पण नाटकघरं उघडल्यावर त्यानं काय केलं? 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये दोघं पहिल्यांदा भेटतात ते बोलणं मोजून बघा. चार ओळी त्याच्या, चार तिच्या, मग वाटून घेतलेल्या, आणि चौदाव्या ओळीला चुंबन. सुनीत आहे ते, अख्खं, यमकांसकट. दरबारी कवी एकटा कण्हत लिहायचा, बाई कधी उत्तर द्यायची नाही. इथे बाई जवळजवळ निम्मं सुनीत स्वतः म्हणते, आणि ऐकणारा एक पेनी देऊन उभा आहे. (बाई म्हणजे मिसरूड न फुटलेला पोरगा, ते असो. बालगंधर्वांच्या मुलुखात ते समजावून सांगायला नको.)

मार्लोच्या मेंढपाळाची 'ये, माझ्यासंगं राहा' ही कविता घ्या. पुस्तकात छापून यायच्या सुमारासच ती लोकांच्या तोंडी गाणं म्हणून बसली होती. शेक्सपिअरच्या 'मेरी वाइव्ह्ज' या विनोदी नाटकात एक घाबरलेला पाद्री ती चुकीच्या ओळी मिसळून गुणगुणतो आणि लोक हसतात. म्हणजे मूळ ओळी त्यांना पाठ असणार.

नेटसेटवाले भाऊ, एक सुचवतो, राग मानू नका. 'मॅकबेथ' १६०६ च्या आसपासचं, आणि एलिझाबेथ वारली १६०३ ला. द्वारपालाला एलिझाबेथन म्हटलं तर चांगला परीक्षक तिथेच लाल रेघ मारील. थडगं खणणारे चालतील.


नेटसेट_तयारी :

अरे हो. नोट्स दुरुस्त केल्या. आठ वर्षं हेच शिकवतोय, कुणी बोललं नव्हतं.


जुनी_पानं :

सुनीताचा मुद्दा मान्य. पिटाबद्दल अजून अर्धाच मान्य.


वैनगंगाकाठची :

काका, काय बोलू? सगळं वहीत उतरवून घेतलंय. उत्तराची सुरुवात मी 'अदृश्य होण्याचा झगा' इथून करणार, मार्क गेले तरी चालतील. स्लॉच्या ताई, तुमच्या शेजारच्या माणसाचा किस्साही घेतला तर चालेल ना?

काल रात्री भावाला घोडेवाल्याचा प्रवेश वाचून दाखवला. गवताची पेंढी येईपर्यंत हसला. मग दुकानदाराचा चेहरा करून विचारतो, "त्याचे चाळीस परत दिले का?" मला घाईत सापडलं नाही. दिले का हो?


विंगेतला_मास्तर :

नाही दिले. घोडेवाला रागानं येऊन झोपलेल्या फॉस्टसचा पाय ओढतो, तर पाय उपटून त्याच्या हातात येतो. खून झाला, सापडलो, असं वाटून तो घाबरतो आणि सोडा म्हणून आणखी चाळीस डॉलर कबूल करून पळतो. पाय खोटा होता, फॉस्टसचे दोन्ही शाबूत आहेत.

म्हणजे ऐंशी, त्यातले चाळीस नुसते कबूल केलेले. आत्मा विकलेल्या डॉक्टरची घोडेबाजारातली ही कमाई. भावाला सांगा, आणि तो काय म्हणाला ते इथे लिहा.